अस्वलाचे डोळे

खेळण्यांच्या दुकानात तीस वर्षं नोकरी केली असं सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहरा खुलतो. काय मजा असेल तुमची, असं लोक म्हणतात. मी हो म्हणते. उगाच कुणाचा हिरमोड कशाला करायचा? पण त्या तीस वर्षांतलं मला सगळ्यात जास्त काय आठवत असेल, तर माझे पाय. सकाळी दहाला उभी राहिले की दुपारच्या डब्याची वीस मिनिटं सोडली तर दुकान बंद होईपर्यंत उभीच. काउंटरमागे एक स्टूल होतं, पण त्यावर बसलेलं शेठना चालत नसे. बसलेल्या बाईकडून कुणी खेळणं घेत नाही असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खरं होतं हे आणखी वाईट.

या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, हलकंफुलकं लिहा, नाताळच्या गमती, जुन्या खेळण्यांची माहिती, वाचकांना आवडतं. हलकंफुलकं आहे तेवढं आधी लिहिते.

दुकान कँपात होतं. मी राहायला शुक्रवार पेठेत, मंडईच्या मागे. आमचा सीझन दसऱ्याला सुरू व्हायचा आणि संक्रांतीला संपायचा. दिवाळीत पेठांतली मुलं किल्ले करतात. त्यांचे मातीचे मावळे मंडईच्या रस्त्यावर मिळायचे, आमच्याकडे भाऊबीजेची गिऱ्हाइकं. नोव्हेंबर सरला की शेठ नाताळचं झाड बाहेर काढायचे. झाड म्हणजे एक लोखंडी दांडा आणि त्याला हिरव्या कागदाच्या फांद्या. त्यावर बर्फ हवा, म्हणून मी मंडईजवळच्या गादीवाल्याकडून पिंजलेला कापूस आणायचे. दाराशी कागदी चांदण्या लागायच्या. त्या चांदण्या करणारा माणूस तोच, जो महिनाभर आधी आकाशकंदील करायचा. मग जानेवारीत बोरन्हाणाच्या लुटीसाठी बारीकसारीक शिट्ट्या, चेंडू, प्लास्टिकचे प्राणी. तिळगूळ वाटून झाला की मी दोन दिवस रजा टाकून झोपायचे.

नाताळात पेठेतली मंडळी बसनं कँपात रोषणाई बघायला यायची. घ्यायला नाही, बघायला. एक निवृत्त हेडमास्तर दर डिसेंबरात येत. एका वर्षी त्यांनी मला लाकडी भोवरा प्लास्टिकच्या भोवऱ्यापेक्षा जास्त वेळ का फिरतो ते विचारलं. मी सांगितलं. मागे ओढून सोडली की पळणारी मोटार कशी पळते ते विचारलं. तिच्या पोटात एक जड चाकी असते, ती आधी फिरते आणि मग गाडीला ओढते, हे मी एक मोटार उघडून दाखवलं. बाहुली आडवी केली की डोळे का मिटते, तेही विचारून झालं. डोक्याच्या आत दोन्ही डोळ्यांना जोडून शिशाचं वजन लावलेलं असतं, ते कलतं. सगळं ऐकून त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "छान समजावता. शिक्षिका व्हायला हवं होतं तुम्ही." आणि गेले. अकरा वर्षांत त्यांनी एक पिपाणीसुद्धा घेतली नाही.

आता विक्रीचं सांगते, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. खेळणं विकायला बोलावं लागत नाही. खेळणं मुलाच्या हातात द्यायचं आणि आपला हात काढून घ्यायचा. बस. मग आपण दुसरीकडे बघायचं, काच पुसायची, बिलाची वही चाळायची. एकदा मुलाच्या हातात गेलेलं खेळणं बापाला परत ठेवता येत नाही. हे मला कुणी शिकवलं नाही, माझं मीच शिकले, आणि शेठ नव्या मुलींना सांगायचे, कुंदाबाईंचा हात बघा.

दुकानाच्या पोटमाळ्यावर करीमचाचा बसायचे. नाना पेठेत त्यांच्या तीन पिढ्या लाकडी खेळण्यांच्या कामात गेलेल्या. लाखेचे रंग दिलेले भोवरे आणि खुळखुळे त्यांचे वडील करायचे. चाचांच्या वेळेपर्यंत त्याला गिऱ्हाईक उरलं नव्हतं, म्हणून ते आमच्याकडे दुरुस्तीला आले. घड्याळजीसारखी एका डोळ्याला भिंग लावून बसायचे. किल्लीचं माकड, पत्र्याची आगगाडी, मान निखळलेली बाहुली, सगळं त्यांच्याकडे वर जायचं. नवा माल आला की आधी त्यांच्या हाताखालून जाई. मराठी माझ्यापेक्षा नीट बोलायचे. त्यांची दाढी पांढरीशुभ्र आणि भरगच्च होती. त्यामुळे नाताळच्या आधीचे आठ दिवस संध्याकाळी शेठ त्यांनाच लाल कोट घालून नाताळबाबा म्हणून दाराशी उभं करायचे. चाचांची एकच अट असे, नमाजाची वेळ झाली की कोट काढणार.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट असेल. दिवाळीनंतर एका नव्या व्यापाऱ्याकडून अस्वलं आली. तपकिरी, हातभर उंच, मऊ, आणि डोळे असे चकचकीत की वाटावं आत्ता पाणी येईल. त्याआधी आमच्याकडे भुशाची कडक अस्वलं असत. ही बघूनच शेठ खूश झाले. चाचांनी एक अस्वल वर नेलं आणि थोड्या वेळानं मला हाक मारली. त्यांनी अंगठ्याचं नख डोळ्याच्या कडेला लावलं आणि वर उचललं. डोळा निघून हातात आला. मागं पत्र्याची बारीक दुफाटी पिन होती, कापडात खोचून आतून नुसती वाकवलेली.

"डोळे कच्चे आहेत, बाई," ते म्हणाले. "शेठना सांगा. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील."

मी शेठना सांगितलं. शेठ वाईट माणूस नव्हते, हे मला लिहून ठेवायचं आहे. त्यांनी अस्वल हातात घेतलं, डोळा हलवून बघितला आणि म्हणाले, एवढ्या जोरानं कोण ओढतंय. नाताळ डोक्यावर आला आहे, हा माल जाऊ दे, पुढच्या वेळी व्यापाऱ्याला सांगू. मी बरं म्हणाले. आणखी काही म्हणाले असते तर त्यांनी ऐकलं असतं का, मला माहीत नाही. मी म्हणालेच नाही.

त्याच आठवड्यात माझ्या भाचीचा दुसरा वाढदिवस होता. कामाला असणाऱ्यांना दुकानातली वस्तू सवलतीनं मिळायची. मी कपाटासमोर उभी राहिले, अस्वलांवरून हात फिरवला आणि तिच्यासाठी कापडी ससा घेतला. सशाचे डोळे धाग्यानं भरलेले होते. तेव्हा मी स्वतःला सांगितलं, तिला ससा जास्त आवडेल. गेली चाळीस वर्षं मी त्या सशाचा विचार करते आहे.

अस्वलं भराभर गेली. डिसेंबरच्या मध्यावर एक जोडपं आलं. नवरा कात्रजकडचा, तिथल्या दूध डेअरीत कामाला. आडनाव गायकवाड, हे मला नंतर कळलं. बायको दाराशीच संकोचून उभी होती. दीड-पावणेदोन वर्षांची मुलगी त्याच्या कडेवर, डोळ्यांत काजळ, अंगात हातानं विणलेला पिवळा स्वेटर. त्याला लाकडी पांगुळगाडा हवा होता, चालायला शिकवायची जुनी तीन चाकांची गाडी. पांगुळगाडा आमच्याकडे होता. मागच्या खोलीत होता, काढायला जावं लागलं असतं, आणि माझे पाय दुखत होते. मी समोरचं अस्वल उचललं, मुलीच्या हातात दिलं आणि हात काढून घेतला.

मुलीनं अस्वलाला घट्ट धरलं आणि त्याचा कान तोंडात घातला. कान, मग नाक. मी बघत होते. गायकवाड हसले आणि बायकोला म्हणाले, "आता काय सोडत न्हाय ही."

मी म्हणाले, नवं आहे, जरा जपून खेळू द्या. एवढंच. हे बोलताना मी हसतही होते. ते समजले असतील की खेळणं जपा. मला मुलीला जपा म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. मी बिल फाडलं.

नाताळच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी पाचच्या सुमारास, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. चाचा लाल कोट घालून दाराशी मुलांना गोळ्या वाटत होते. गर्दीतून गायकवाड आत आले. अंगावर डेअरीचा खाकी शर्ट, पायांत चपला नव्हत्या. ते थेट माझ्यासमोर आले आणि धापा टाकत म्हणाले, त्या अस्वलाचा एक डोळा द्या.

मला आधी वाटलं, बदलून मागताहेत. मग ते तुटक तुटक सांगू लागले. सकाळपासून मुलगी खोकत होती. थंडीनं असेल म्हणून आजीनं ओव्यानं छाती शेकली. दुपारी श्वासातून शिटी वाजायला लागली, ओठ काळपट दिसायला लागले. मग आजीच्या लक्षात आलं की अस्वलाला एकच डोळा आहे. मुलीला टेम्पोत घालून कँपातल्या इस्पितळात आणलं. एक्सरेमध्ये छातीच्या उजव्या बाजूला बारीक पिन दिसली, पण बाकीचा डोळा प्लास्टिकचा, तो दिसत नव्हता. दुर्बीण घालून काढायचा म्हणजे तो केवढा आहे, कशानं धरता येईल, हे कळायला हवं. डॉक्टर म्हणाले होते, तस्साच दुसरा मिळाला तर घेऊन या, लवकर.

कपाटात चार अस्वलं उरली होती. मी पहिलं ओढलं. माझं बोट डोळ्याच्या कडेला गेलं, नख खाली सरकलं आणि डोळा निघाला. एक क्षणसुद्धा लागला नाही. वर बघितलं तर गायकवाड माझ्या बोटाकडे बघत होते.

त्यांनी हात पुढे केला. मी डोळा त्यांच्या तळहातावर ठेवला. ते वळले, तेवढ्यात चाचा गर्दी सारत आत आले. त्यांनी दारातून सगळं ऐकलं होतं. म्हणाले, "थांबा, मी येतो. ती पिन ओढली की फाकते, ते डॉक्टरांना सांगायला पाहिजे." लाल कोट त्यांनी तिथेच उतरवला आणि काउंटरवर टाकला. एक लहान मुलगा रडायला लागला. मीही निघाले. शेठ गल्ल्यावरून बघत होते. मी त्यांना विचारलं नाही आणि त्यांनी मला अडवलं नाही.

रिक्षात आम्ही तिघं होतो. गायकवाडांची मूठ मिटलेली होती.

इस्पितळात डॉक्टर म्हणजे एक किरकोळ अंगाचे, थकलेले गृहस्थ होते. त्यांनी डोळा घेतला, उलटसुलट केला. चाचांनी आपण कोण ते सांगितलं. दुसऱ्या कुणी डॉक्टरनं खेळणी दुरुस्त करणाऱ्या माणसाला बाहेर बसायला सांगितलं असतं. यांनी चाचांना कागद आणि पेन्सिल दिली. चाचांनी डोळ्याचं चित्र बाजूनं काढलं. घुमटासारखा वरचा भाग, खाली अरुंद मान आणि मानेतून निघालेले पिनचे दोन पाय. घुमट धराल तर निसटेल, तो गुळगुळीत आहे; पिनचा एकच पाय धराल तर दुसरा फाकून टोचेल; दोन्ही पाय एकत्र दाबून किंवा मानेत धरायला हवं, असं त्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी आपला लांब चिमटा आणवला आणि टेबलावर ठेवलेला डोळा उचलून बघितला. निसटला. परत उचलला, परत निसटला. तिसऱ्यांदा त्यांनी तो मानेत धरला आणि हवेत धरून ठेवला. मग तडक आत गेले.

आम्ही बाकावर बसलो. मुलीची आई भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. तिच्या मांडीवर पिवळा स्वेटर होता आणि ती त्याच्या बाह्या परत परत सरळ करत होती. तिनं मला ओळखलं. सरकून बाकाजवळ आली आणि माझा हात धरला. दुकानातली बाई धावत आली याचं तिला केवढं वाटत होतं ते तिच्या हातातून कळत होतं. मी तो हात सोडवून घेतला नाही. तसाच राहू दिला, पाऊण तास.

मुलगी वाचली. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात स्टीलची वाटी होती आणि तिच्यात तो डोळा. त्यांनी ती आधी चाचांना दाखवली. पिनचे दोन्ही पाय एकमेकांना चिकटलेले होते. चाचा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांचे ओठ बराच वेळ हलत होते.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले तर चाचांनी उरलेली अस्वलं आधीच वर नेली होती. आम्ही दोघांनी त्यांचे डोळे उपटले. मी काळ्या लोकरीनं नवे भरायला घेतले. दुपारी शेठ वर आले. जिना चढायचं त्यांच्या गुडघ्यांना जमत नसे, तरी आले. चाचांसमोरच्या डब्यातला एक डोळा त्यांनी उचलला, बोटांत धरून बघितला आणि खाली ठेवला. मग मला म्हणाले, विकलेल्यांपैकी कुणाकुणाचे पत्ते आहेत का. पत्ते नव्हते. आम्ही दारावर पाटी लावली, की अमुक अस्वल परत आणावं, डोळे शिवून मिळतील. नऊ जण आले. बाकीच्यांचं काय झालं ते मला माहीत नाही. काही झालं नसावं, असं मी धरून चालते.

लोकरीच्या डोळ्यांची अस्वलं खपली नाहीत. झोपाळू दिसतात, असं गिऱ्हाइकं म्हणायची.

त्यानंतर मला एक खोड लागली. कुठलंही खेळणं देण्याआधी मी गिऱ्हाइकासमोर त्याचे डोळे, बटणं, चाकं ओढून बघायचे. काही लोकांना ते आवडायचं नाही. एक बाई म्हणाल्या, अहो, तुम्ही विकताय की मोडताय? शेठनी कधी हरकत घेतली नाही. माझी विक्री मात्र उतरली. नव्या मुलींना माझा हात बघा म्हणणंही त्यांनी सोडलं.

दोन वर्षांनी, पुन्हा डिसेंबरातच, गायकवाड आले. दुपारची वेळ होती, दुकान रिकामं होतं. बरोबर ती मुलगी, आता चांगली चालती-बोलती, दोन शेंड्या घातलेली. घरी धाकटा मुलगा झाला होता, त्याच्यासाठी पांगुळगाडा हवा होता. त्यांनी येताना डेअरीतला खवा आणला होता, अर्धा माझ्यासाठी आणि अर्धा चाचांसाठी. मुलीला म्हणाले, बाईंच्या पाया पड. ती वाकली. माझ्या सुजलेल्या पायांना त्या एवढ्याशा बोटांचा स्पर्श झाला. मी काउंटरमागच्या त्या स्टुलावर बसले.

मी म्हणाले, "मला तुम्हाला एक सांगायचंय."

गायकवाडांनी मुलीला बाहुल्यांच्या कपाटाकडे पाठवलं. मग म्हणाले, "तुमाला आधी म्हाईत हुतं, हेच ना?"

मी हो म्हणाले.

"त्या दिवशीच कळलं मला. बोट नेमकं तिथंच गेलं तुमचं."

ते रागावून बोलले नाहीत. दुधाचा भाव सांगावा तसं बोलले. मी विचारलं, मग बायकोला सांगितलंत का. ते म्हणाले, ती दर नाताळाला तुमच्या नावानं देवाला नारळ वाढवते, तिला काय सांगू. आणि जरा थांबून म्हणाले की त्यांनाही रात्र रात्र वाटायचं, मुलगी कान चावत होती तेव्हा आपणच अस्वल काढून घ्यायला हवं होतं. बाप आपण होतो.

मी म्हणाले, तुम्हाला माहीत नव्हतं. ते म्हणाले, हां, ते हाय.

मी माफी मागितली. ती त्यांनी ऐकून घेतली. दिली असं म्हणाले नाहीत, आणि मी परत विचारलं नाही. मी उठून मागच्या खोलीतून पांगुळगाडा काढून आणला. त्यांनी तो उलटा केला, तिन्ही चाकं एक-एक करून ओढून बघितली, खिळे चाचपले, दांडा हलवला. शांतपणे, पूर्ण समाधान होईपर्यंत.

मुलगी बाहुली घेऊन आली होती. ती आडवी केली की डोळे मिटते हे तिला सापडलं होतं. ती झोपते का, असं तिनं मला विचारलं. आवाज जरासा घोगरा होता, जन्मतःच होता की नंतरचा, ते मी विचारलं नाही. मी तिला सांगितलं की आत शिशाचं वजन असतं, ते कललं की डोळे मिटतात. तिला ते पटलं नाही. तिनं बाहुली काउंटरवर निजवली आणि हळू बोलायची खूण म्हणून ओठांवर बोट ठेवलं.

गायकवाड गाडा उचलून थांबले होते. मग आम्ही तिघंही, ती बाहुलीला उठवेपर्यंत, गप्प उभे राहिलो.